नासाकोटरशोथ व अंतर्कर्णशोथ : घरगुती शुश्रूषा

चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्यांच्या अस्तरास सूज येणे म्हणजे नासाकोटरशोथ (बोलीत ‘सायनस’). तोल व श्रवण सांभाळणाऱ्या सर्वांत आतल्या कर्णभागाची सूज म्हणजे अंतर्कर्णशोथ. दोन्ही बहुधा विषाणुजन्य पडशामागून येतात. मुंबईत पावसाळ्यात ‘सर्दी कानात उतरली’ म्हणतात, ते मात्र बव्हंशी कानास दडे बसण्याबद्दल असते. दडे नाक व मध्यकर्ण जोडणाऱ्या नलिकेच्या सुजेमुळे बसतात. अंतर्कर्ण त्याच्याही आत असतो.

नाक चोंदल्यास मिठाच्या कोमट पाण्याने धुणे हा सर्वांत भरवशाचा घरगुती उपाय होय. योगपरंपरेत यास जलनेती म्हणतात (नेती म्हणजे नाक स्वच्छ करण्याची क्रिया) आणि तिचे प्राचीनत्व सर्रास गृहीत धरतात. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथातील (बहुधा १५ वे शतक) वचन ‘सूत्रं वितस्ति सुस्निग्धं नासानाले प्रवेशयेत्’ असे आहे. वीतभर, मऊ केलेल्या दोऱ्याची ही सूत्रनेती होय; तीत पाणी नाही. घेरंडसंहितेतही (१७ वे-१८ वे शतक) नेती दोऱ्याचीच आहे. तथापि तेथील व्युत्क्रम कपालभाती या शुद्धिक्रियेत नाकपुड्यांनी पाणी ओढून तोंडाने सोडण्यास सांगितले आहे. जलनेतीचे मूळ काही जण नेतीच्या व्यापक अर्थात शोधतात. व्युत्क्रमाशी तिचे नाते अधिक संभाव्य दिसते. एका नाकपुडीत झारीने ओतून दुसरीतून काढण्याची रीत दोन्ही ग्रंथांत आढळत नाही. तिचा प्रसार विसाव्या शतकातील योगसंस्थांमुळे झाला असावा. मुंबईत १९१८ साली वर्सोव्यास स्थापन झालेली व नंतर सांताक्रूझला आलेली योग संस्था ही त्यांपैकी जुनी. आयुर्वेदातील नस्य, म्हणजे नाकात औषधी तेल इ. सोडणे, ही निराळी क्रिया असून दोहोंची गल्लत करू नये.

प्रमाण एक लिटर पाण्यास सुमारे ९ ग्रॅम मीठ (सपाट दीड चहाचा चमचा) असे धरतात. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. भातसा, वैतरणा, तानसा इ. तलावांचे पाणी शुद्ध होऊन शहरात येते, पण पुढे इमारतींच्या टाक्यांत साठते. पिण्यास चालणारे पाणी नाकास चालेलच असे नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे नेग्लेरिया या अमीबाच्या (एकपेशीय सूक्ष्मजीवाच्या) संसर्गाने दगावले. झारी दर वेळी धुऊन कोरडी करावी.

वाफाऱ्याने तात्पुरते मोकळे वाटते, तरी त्याच्या गुणाचा पुरावा तोकडा आहे. उकळत्या पातेल्याने, विशेषतः मुले, भाजतात. लहानग्यांना तो देऊच नये. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब तीन ते पाच दिवसांपुढे वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते.

अंतर्कर्णशोथात गरगरणे, उलट्या व तोल जाणे ही लक्षणे असतात. कानात कोमट तेल घालण्याची जुनी रीत येथे निरुपयोगी आहे, कारण तेल पडद्यापलीकडे जात नाही. पडदा फाटलेला असल्यास ते अपायकारकच. पहिले एक-दोन दिवस डोके न हलवता पडून राहावे, घोट घोट पाणी घ्यावे. नंतर मात्र हळूहळू चालू लागावे, म्हणजे मेंदू तोल लवकर सावरतो. चक्करेच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास हे सावरणे लांबते. लोकलप्रवास, जिना व वाहन चालवणे तोवर टाळावे.

डोळ्याभोवती सूज, अंधुक दिसणे, मान ताठणे, एकाएकी बहिरेपणा, चकरेसोबत बोबडी वळणे वा अंग लुळे पडणे यांत घरी थांबू नये. मधुमेही रुग्णाच्या नाकातून काळपट स्राव आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात दिसलेला म्युकरमायकोसिस (बुरशीचा संसर्ग) अनेकदा सायनसांतूनच डोळ्यापर्यंत पोचला होता.