अफवेची लस

अफवेची लस म्हणजे खोटी बातमी बनते कशी हे पोरांना त्यांच्याच हातानं बनवायला लावून शिकवणं. शास्त्रीय नाव प्रीबंकिंग. मूळ कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायरची, १९६० च्या दशकातली: लसीत अर्धमेला जंतू टोचतात तसं खोटं थोडंसं, आधी सांगून दाखवलं की माणूस पुढं खऱ्या थापेला लवकर भुलत नाही. २०१८ ला केंब्रिजच्या संशोधकांनी 'बॅड न्यूज' नावाचा गेम आणला, त्यात खेळणाराच फेक न्यूजवाला होतो आणि फॉलोअर वाढवत सहा युक्त्या शिकतो. दुसऱ्याचं सोंग घेणं, भावना भडकवणं, गट पाडणं, कटाची गोष्ट रचणं, खोटं पकडणाऱ्यालाच बदनाम करणं आणि ट्रोलिंग. (सोंगाचं आपल्याला नवल नाही, पण दारावर पोलीस बनून येणारा बहुरूपी निदान शेवटी स्वतःच हसून बिदागी मागतो, फॉरवर्डवाला मागत नाही.)

मराठवाड्यात उदाहरण शोधायला लांब जायला नको, भूकंपाचा मेसेज घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं ते घराघरात माहीत आहे, २१ मार्च २०२४ ला हिंगोलीकडं ४.५ चा धक्का बसला तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला, म्हणजे भीती आधीच तयार, फक्त काडी लावायची. वर्गात पोरांना हा मेसेज फळ्यावर बनवायला द्यायचा. आधी किल्लारीची तारीख टाकायची, ती खरी, तिच्यामुळं बाकीचंही खरं वाटतं. मग 'नासाने सांगितलंय', मग 'आज रात्री ३ वाजता', मग तुर्कीतल्या पडलेल्या इमारतीचा फोटो, शेवटी 'लेकराबाळांना घेऊन बाहेर झोपा, सगळ्या ग्रुपवर टाका'. आता एकेक पुसत विचारायचं, हे काढलं तर उरतं काय? भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगता येईल असं तंत्र जगात कुणाकडंच नाही, नासाकडं पण नाही, एवढं एक माहीत असलं तरी अख्खा मेसेज आडवा होतो.

बनवायचं म्हणजे दरवेळी नवीनच रचावं लागतं असं नाही, नुसतं कापलं तरी भागतं. २०१८ मध्ये पोरं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून जो व्हिडिओ देशभर फिरला तो कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता, खुलासा करणारा शेवटच उडवलेला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातली ५ माणसं जमावानं मारली.

केरळच्या कन्नूर जिल्ह्यात सरकारी शाळांत २०१८ पासून फेक न्यूज ओळखायचे तास घेतले गेले, आपल्याकडंही घ्यायला काय हरकत आहे कळत नाही. एक मात्र आहे, लसीचा असर कालांतरानं ओसरतो, परत डोस लागतो, आणि काही पोरं खऱ्या बातमीवरही शंका घ्यायला लागतात, म्हणून खरी बातमी तपासायचा सराव सोबतच पाहिजे. आणि मेसेज फळ्यावरच लिहायचा, मोबाईलवर नाही, नाहीतर एखादं पोरगं गंमत म्हणून घरच्या ग्रुपवर टाकतं अन् रात्री अख्खी गल्ली गाद्या घेऊन रस्त्यावर.