नायलॉनच्या फ्रेमवरची पोलादी पट्टी

निवडणूक जाहीर झाली की गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मामांची बाराबोअर बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, माकडं आणि रानडुकरं शिरतात म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. मामांच्या मते बंदूक ‘इंग्लिश’ आहे, नळीवर तसं नावही कोरलंय. गेल्या खेपेला जमा करायच्या आदल्या रात्री ते तेलाचं फडकं फिरवत होते आणि मी टॉर्च धरून उभा होतो. नळ्या दस्त्यापासून सोडवल्या तेव्हा खालच्या अंगाला एक अंडाकृती छाप दिसला. आत ई, एल, जी ही रोमन अक्षरं. हा बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाचा शिक्का. इंग्रजी वळणाचं नाव कोरून बंदुका खपवायचा धंदा एकोणिसाव्या शतकात तिथे जोरात चालला होता. मामांना हे सांगितलं, तर म्हणाले, “फुटली का कधी? मग झालं!”

मामांचं चुकत नव्हतं. असा शिक्का सांगतो तो एवढंच, की नेहमीपेक्षा जबर बार काढून पाहिला आणि नळी टिकली. नेम, घडण, घासकाम यांबद्दल तो मुका असतो. पण माणसं शिक्क्यात गावाचं नाव वाचतात आणि गावावरून माल जोखतात. आज पॉलिमर फ्रेमच्या, म्हणजे नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचा सांगाडा असलेल्या, पिस्तुलांवरून जो वाद चालतो, ऑस्ट्रियात बनलेलं अस्सल आणि अमेरिकेत बनलेलं दुय्यम, त्याचं मूळ याच सवयीत आहे.

गोव्याला ही सवय नवी नाही. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर इथले बंदूक घडवणारे कारागीर त्याच्या हाताखाली आले. १५१३ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने त्यांची तारीफ केली ती युरोपातल्या बोहेमियाशी (आजच्या चेक प्रदेशाशी) तुलना करून: तिकडच्या तोडीच्या बंदुका इथे होतात. म्हणजे बोहेमिया हेच त्या काळचं ‘लेबल’. (आपलं ‘काडतूस’सुद्धा पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आलेलं.)

लाकूड आणि पोलाद सोडून प्लॅस्टिककडे वळायला पुढे साडेचारशे वर्षं लागली. १९५९ मध्ये अमेरिकेत रेमिंग्टनने ड्युपाँटच्या नायलॉनचा दस्ता आणि सांगाडा असलेली ‘नायलॉन ६६’ ही रायफल काढली. जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने १९७० मध्ये व्हीपी ७० आणलं. पॉलिमर फ्रेमचं ते पहिलं पिस्तूल, पण त्याचा चाप इतका जड की फार कुणाला आवडलं नाही. खरी उलथापालथ केली ती गास्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन माणसाने. पडद्याचे दांडे आणि लष्करासाठी सुऱ्या बनवणारा हा कारखानदार, पिस्तुलाचा अनुभव शून्य. ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवं पिस्तूल हवंय हे कळल्यावर तो कामाला लागला आणि १९८२ मध्ये जुन्या नावाजलेल्या कंपन्यांना मागे टाकून त्याचं ग्लॉक १७ निवडलं गेलं. रिकामं असताना वजन साधारण सव्वासहाशे ग्रॅम. पोलादी फ्रेमची पिस्तुलं सहज नऊशेच्या घरात जातात. शिवाय घामाने, खाऱ्या वाऱ्याने नायलॉन गंजत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्यामुळे या गुणाची किंमत गोवेकराला वेगळी सांगायला नको. स्लाइड (वरचा सरकता भाग) आणि नळी मात्र पोलादाचीच असतात, त्यांना तेल लागतंच.

१९८६ मध्ये अमेरिकेत ओरड उठली, की हे प्लॅस्टिकचं पिस्तूल विमानतळाच्या यंत्रांना दिसणार नाही. वस्तुतः त्याच्या वजनाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग पोलाद होता. तरीही १९८८ मध्ये कायदा झाला: कोणत्याही हत्यारात धातूशोधकाला कळेल इतकं धातू हवंच. मोजमापासाठी जो पोलादी नमुना ठरवला, तो ३.७ औंसांचा, म्हणजे जवळपास १०५ ग्रॅमचा.

लेबलाच्या बाजूने खरी अडचण निराळीच होती. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे अनुक्रमांक फ्रेमवरच लागतो. पोलादावर तो ठोकता येतो, नायलॉनवरचा आकडा घासून सहज पुसता येईल. म्हणून ग्लॉकच्या फ्रेममध्ये, नळीखालच्या भागात, एक छोटी पोलादी पट्टी बसवलेली असते आणि आकडा तिच्यावर. पुढे तर आकडा किती खोल हवा हेही ठरलं, किमान ०.००३ इंच. नावाजलेल्या पिस्तुलाच्या पोटात ही चिमुकली पट्टी पाहून बरेच जण बिचकतात, ‘कुणी मागाहून डकवली की काय?’ तर नाही, ती कारखान्यातूनच तशी येते.

‘ऑस्ट्रिया’ की ‘यूएसए’ या वादामागेही कायदाच आहे. त्याच १९६८ च्या कायद्यामुळे आयात पिस्तुलाला आकार, वजन, सुरक्षेच्या सोयी यांवर गुण मिळवावे लागतात. लहान पिस्तुलं त्यात नापास होतात. तीच देशात बनवली तर अट लागत नाही. म्हणून ग्लॉकचं चिमुकलं ४२ हे मॉडेल २०१४ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या स्मिर्ना इथल्या कारखान्यातून आलं. ऑस्ट्रियन मालावर व्हिएन्नाच्या चाचणीगृहाचे शिक्के असतात, अमेरिकन मालावर नसतात, कारण तिथे तशी सरकारी चाचणी सक्तीची नाही. शिक्का नाही म्हणून माल हलका, असं म्हणणाऱ्यांनी मामांचा प्रश्न विचारावा.

सिग कंपनीच्या पी ३२० (२०१४) या पिस्तुलात तर ‘पिस्तूल’ म्हणजे नेमका कोणता भाग, हेच बदललं. आकडा असतो आतल्या धातूच्या संचावर. बाहेरची पॉलिमरची मूठ कायद्याच्या दृष्टीने नुसता सुटा भाग, हवी तेव्हा बदला. २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने ते निवडलं. त्याच वर्षी हातातून पडल्यावर गोळी सुटते अशा तक्रारी आल्या आणि कंपनीने फुकट दुरुस्ती जाहीर केली. लोक प्लॅस्टिकला नावं ठेवत होते, दोष निघाला आतल्या धातूच्या यंत्रणेत. मग आल्या ‘८० टक्के’ फ्रेम आणि त्यांचे संच, अर्धवट बनवलेले, बिनआकड्याचे, घरी पुरे करायचे. कायद्यात ‘८० टक्के’ असं काही नाही, तो शब्द बाजाराचा. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा संचांवरचे निर्बंध कायम ठेवले.

आपल्याकडे हा वाद बहुतेक ऐकीव. ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर, त्यामुळे ग्लॉक १७ एनएसजीच्या कमांडोंकडे (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाकडे) दिसेल, परवानाधारकाकडे नाही. सामान्य माणसाची मजल बहुतेक .३२ (इंच) बोअरपर्यंत. आयात ऐंशीच्या दशकात बंद झाल्याने जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव लाखांत गेले, आणि तिथे तर लोक कोरीव नावालाच पैसे मोजतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ ला मात्र त्या नावाच्या मोठेपणाशी देणंघेणं नाही. खूण खोडू नका, बदलू नका, बिनखुणेचं हत्यार विकू नका, इतकंच ते म्हणतं.

ठाण्यात हवालदाराने मामांच्या बंदुकीवर खडू घासला, आकडा पांढरा उमटला, परवान्याशी ताडला. पावतीवर लिहिलं: बाराबोअर, एक नग, क्रमांक अमुक. मामा म्हणाले, “इंग्लिश आहे, जपून ठेवा.” त्याने मान डोलावली आणि पुढच्याला हाक मारली.