शुगर लो झालीय की एंडोच्या कळांनी चक्कर येतेय?

घाम फुटलाय, हातपाय गळाल्यासारखे झालेत, डोळ्यांपुढे अंधारी येतेय आणि वर पाळीचा दुसरा दिवस. आता ही शुगर डाऊन झालीय की एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्याने बीपी पडलंय हे त्या क्षणी भल्याभल्यांना कळत नाही, आणि घरचे तर काहीही असो, साखर घेऊनच धावतात.

आधी हे क्लिअर करूया की एंडो स्वतःहून शुगर पाडतो असं काही सिद्ध झालेलं नाहीये. एंडो म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं टिश्यू गर्भाशयाबाहेर, ओव्हरीवर, आतड्याजवळ वगैरे वाढणं. त्याचा शुगरशी संबंध येतो तो आडवाटेने. दुखण्यापायी जेवण जात नाही, उलट्या होतात, आणि तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेत असाल तर औषध आपलं काम करतच राहतं, पोटात मात्र काहीच नाही. त्यात काहीजणींना पाळीच्या आधीचे दिवस इन्सुलिन जास्त लागतं आणि पाळी आली की गरज उतरते, म्हणजे डोस तोच राहिला तर नेमकी कळांच्या दिवशीच शुगर घसरते. डायबेटिस नाही, अशी औषधंही नाहीत, तर खरी लो शुगर क्वचितच असते.

मग चक्कर कशाने? बऱ्याचदा व्हॅसोव्हेगल. जोराची कळ आली किंवा संडासला बसून जोर दिला (आतड्याजवळ एंडो असेल तर हे ओळखीचं असेल) की नाडी मंदावते, बीपी पडतं, चेहरा पांढराफटक, कानात गुंई, मळमळ, थंड घाम. आडवं होऊन पाय उंचावर ठेवले की सहसा काही मिनिटांत उतरतं. लो शुगरमध्ये उलट छातीत धडधड होते, हात थरथरतात, खा खा सुटते, उगाच चिडचिड होते, आणि अजून खाली गेली की बोलणं अडखळतं, साधी गोष्ट सुचत नाही. आडवं पडून ती चढत नाही. पण घाम आणि अंधारी दोन्हीकडे, त्यामुळे नुसत्या लक्षणांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही, त्यात बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयासाठी देतात ती गोळी) चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते, घाम तेवढा राहतो.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे "साखर खाल्ली आणि बरं वाटलं, म्हणजे शुगरच होती". अहो, साखर खाताना तुम्ही बसलात किंवा आडव्या झालात, दहा-पंधरा मिनिटं गेली, तेवढ्यात कळही ओसरली, बीपीही वर आलं, आणि क्रेडिट मिळालं साखरेला! डॉक्टर यासाठी तीन गोष्टी एकत्र बघतात, ज्याला व्हिपल्स ट्रायड म्हणतात: लक्षणं, त्याच वेळी मोजलेली कमी शुगर, आणि शुगर वर आल्यावर लक्षणं जाणं. मधली गोष्ट नसेल तर बाकी अंदाजच.

म्हणून ग्लुकोमीटर हाताशी ठेवा, बाथरूममधून ओरडून मागता येईल इतक्या जवळ. डायबेटिस असेल तर ७० च्या खाली लो आणि ५४ च्या खाली गंभीर, आणि डायबेटिस नसणाऱ्यांमध्ये साधारण ५५ च्या खाली गेल्यावरच डॉक्टर मनावर घेतात. बोट टोचण्याआधी हात धुवा, बोटाला ज्यूस लागलेला असेल तर खोटं १४० दिसेल आणि तुम्ही निवांत बसाल. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर असेल तर तो रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो, त्यात काही सेन्सर पॅरासिटामॉल घेतल्यावर आकडा खोटा वाढवून दाखवतात, आणि कळांच्या दिवशी पॅरासिटामॉल घेतोच आपण, तेव्हा शंका आली की बोटावरच तपासा.

क्रम साधा आहे. पहिल्यांदा बसा किंवा आडव्या व्हा, पडून डोकं फुटण्यापेक्षा ते बरं, मग मोजा. लो असेल तर १५ ग्रॅम लगेच चढणारी साखर, म्हणजे अर्धा कप ज्यूस किंवा चार ग्रॅमच्या तीन-चार ग्लुकोज गोळ्या, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेच. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते. मीटर नाही आणि इन्सुलिन घेताय तर वाट न बघता लो समजून साखर घ्या, एकदा उगाच चढली तर फार बिघडत नाही. उलटीमुळे काहीच टिकत नसेल तर सरळ हॉस्पिटल. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, डॉक्टरांनी ग्लुकागॉन (शुगर चढवणारं इमर्जन्सीचं औषध) दिलेलं असेल तर ते द्या, अँब्युलन्स बोलवा.

एंडोसाठी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं चालू असतील तर हॉट फ्लॅशेसचा घामही यात मिसळतो, आणि ब्लीडिंग जास्त असेल तर हिमोग्लोबिन कमी होऊनही चक्कर येते, सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्या. पण अचानक एका बाजूला असह्य कळ येऊन भोवळ आली, किंवा दिवस गेलेले असण्याची शक्यता असेल, तर शुगर की एंडो या वादात न पडता इमर्जन्सीला जा.

डॉक्टरकडे जाताना वेळ, आकडा, आधी काय खाल्लं, पाळीचा कितवा दिवस आणि कोणती पेनकिलर घेतली एवढं फोनमध्ये टिपलेलं असू द्या, नुसतं "चक्कर येते" म्हटलं तर बीपी बघून घरी पाठवतात.