उन्हात ठेवलेली बिअर का बिघडते?

मोकळ्या मैदानात भरलेल्या बिअर महोत्सवात छोट्या पेल्यांतून एकेका क्राफ्ट बिअरची चव घेताना असे होऊ शकते की, सुरुवातीला लिंबाच्या सालीसारखा ताजा वास देणारी बिअर उन्हातल्या टेबलावर काही मिनिटांतच उग्र वाटू लागते. 'गार बिअर कोमट झाली की नासतेच,' असे त्यावर ठामपणे सांगितले जाते, पण ते खरे नाही. उष्णतेमुळे बिअर लवकर शिळी होते आणि ऑक्सिजनच्या क्रियेने तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो, हे खरे असले तरी त्याला सहसा कितीतरी दिवस लागतात. मिनिटांत होणारा हा बिघाड प्रकाशाचा आहे. कार्ल लिंटनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७५ मध्येच त्याची नोंद केली होती.

बिअरला कडवटपणा येतो तो हॉप्स या वेलीच्या फुलोऱ्यांमुळे. ते फुलोरे उकळताना त्यांतील आम्लांच्या रेणूंची रचना बदलते आणि पाण्यात सहज विरघळणारी, कडू आयसोआम्ले तयार होतात. दृश्य प्रकाश ही आम्ले स्वतः फारसा शोषत नाहीत. ते काम बिअरमध्ये आधीपासून असलेले राइबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व करते. निळा प्रकाश शोषून उत्तेजित झालेले राइबोफ्लेविन आयसोआम्लाच्या रेणूतून इलेक्ट्रॉन हिरावून घेते, त्यामुळे त्या रेणूची एक बाजूची साखळी तुटते, तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निसटतो आणि पाच कार्बन अणूंचा अतिशय क्रियाशील तुकडा उरतो. तो प्रथिनांतील किंवा अमिनो आम्लांतील गंधकाशी जोडला गेला की ३-मिथाइल-२-ब्युटीन-१-थायॉल हा रेणू जन्माला येतो. स्कंक हा प्राणी बचावासाठी जे दुर्गंधी द्रव्य फवारतो, त्यातील थायॉलांचा, म्हणजे गंधकयुक्त संयुगांचा, हा जवळचा नातेवाईक. जीवनसत्त्व, कडू आम्ल आणि प्रथिने हे तिन्ही घटक एरवी निरुपद्रवी असतात. प्रकाश त्यांना एकत्र कामाला लावतो, हे मला विलक्षण वाटते.

एका लिटरमध्ये या थायॉलचे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, असले तरी नाकाला ते कळते. एवढ्या थोड्या थायॉलसाठी नगण्य आयसोआम्ल खर्ची पडते, म्हणून कडवटपणा तसाच राहतो आणि बिघडतो तो फक्त वास.

तपकिरी काच निळा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी फारच कमी, आणि पारदर्शक काच जवळजवळ नाहीच. त्यामुळे पारदर्शक बाटलीला 'शुद्धतेची खूण' म्हणणारी जाहिरात रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. काही उत्पादक आयसोआम्लांत हायड्रोजन जोडून ती प्रकाशाला दाद न देणारी बनवतात आणि मग अशी बाटली वापरतात, पण ते श्रेय काचेचे नव्हे. कॅनला कमी दर्जाचे मानणेही तितकेच निराधार आहे, कारण त्यात प्रकाश मुळीच शिरत नाही आणि आतल्या पातळ लेपामुळे बिअरचा धातूशी संपर्कही येत नाही.

महोत्सवात हे पडताळून पाहता येते. एकाच पिंपातून दोन पेले भरून घ्यावेत, एक उन्हात आणि दुसरा झाकून सावलीत ठेवावा, आणि पंधरा मिनिटांनी आधी सावलीतला, मग उन्हातला हुंगावा. क्रम उलटा ठेवल्यास त्या उग्र वासाला नाक सरावते आणि फरक ओळखणे अवघड जाते.