रियाजाचं रेकॉर्डिंग आणि ब्राउझरमधले नाचते पट्टे

पुण्यात गाणं शिकणारे अनेक जण आता रियाज मोबाइलवर रेकॉर्ड करतात. ते ब्राउझरमध्ये वाजवलं की लाटेचा आलेख किंवा नाचते पट्टे दिसतात, आणि त्यासाठी वेव्हसर्फरसारखी छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे वेबपानात जोडायचा तयार कोड, पुरते. या चित्रातून गाण्याचं नेमकं काय कळतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आवाजाचं चित्र काढणं हे आवाज पुन्हा ऐकवण्यापेक्षा जुनं आहे. पॅरिसच्या स्कॉट द मार्टिनव्हिल यांनी १८५७ मध्ये फोनोटोग्राफचं पेटंट घेतलं. आवाजाने पडदा थरथरला की काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटे. एडिसनचा फोनोग्राफ त्यानंतर वीस वर्षांनी आला. पण नुसत्या रेघेवरून स्वर ओळखणं कठीण. त्यासाठी आवाजात कोणत्या कंपनसंख्या किती आहेत हे वेगळं काढणारं फूरियेचं गणित लागतं, आणि ते संगणकावर झटपट करण्याची रीत कूली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली.

ब्राउझरला हे फार उशिरा जमलं. आधी फ्लॅश या बाहेरून जोडायच्या प्रोग्रामचा आधार घ्यावा लागे. २०१० च्या सुमारास फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने स्वतःचा प्रयोग केला, २०११ मध्ये गूगलच्या ख्रिस रॉजर्स यांचा वेब ऑडिओचा, म्हणजे ब्राउझरमध्येच आवाज हाताळण्याच्या सोयीचा, मसुदा वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेकडून प्रसिद्ध झाला आणि २०२१ मध्ये तो अधिकृत मानक ठरला. आजच्या लायब्रऱ्यांतले नाचते पट्टे बहुतेक त्यातल्या ॲनलायझरवरच, म्हणजे फूरियेचं गणित करणाऱ्या भागावरच, चालतात.

खयाल गाणाऱ्याची अडचण इथेच आहे. नमुना म्हणजे एका क्षणी मोजलेली आवाजाची पातळी; वेगळं सांगितलं नाही तर हा ॲनलायझर २०४८ नमुन्यांचा तुकडा घेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर एक पट्टा सुमारे २१.५ हर्ट्झचा होतो. काळी एक या स्वरपट्टीतला मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, त्याचा कोमल रिषभ १४७ च्या आसपास. अंतर जेमतेम आठ हर्ट्झ. भैरव रागातलं आंदोलन, म्हणजे स्वराचं संथ हेलकावणं, अशा पट्ट्यांत दिसणारच नाही. तुकडा ३२,७६८ नमुन्यांचा केला तर पट्टा १.३५ हर्ट्झवर येतो, पण मग पाऊण सेकंदाचा आवाज एकत्र मोजला जातो आणि मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) आणि तान (जलद स्वरांची माळ) पुसट होतात. तबल्याचे बोल किंवा सम (तालाची पहिली मात्रा) शोधायला लाटेचा आलेख उत्तम. स्वर पाहायचा असेल तर ॲनलायझरकडून कच्चे नमुने घेऊन लाट किती वेळाने स्वतःला पुन्हा गिरवते ते मोजावं आणि त्यावरून स्वराची सलग रेघ काढावी. पट्ट्यांपेक्षा ती रेघच रियाजाच्या कामाची.