आभा आणि आयुष्मान कार्ड: कॅन्सरच्या पेशंटला कोणतं कशासाठी लागतं

‘आभा काढलंय ना, मग पाच लाखांचे उपचार फुकट’ असं समजून बरेच नातेवाईक हॉस्पिटलच्या काउंटरवर जातात आणि हिरमुसून परततात. आभा आणि आयुष्मान कार्ड, दोन्हींच्या मागे ‘आयुष्मान भारत’ हेच नाव, दोन्हींचा कारभार राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाकडेच. घोळ होणारच.

आयुष्मान कार्डाचा संबंध पैशांशी. २०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं हे कार्ड. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, तेही योजनेत असलेल्या रुग्णालयातच. महाराष्ट्रात ही योजना महात्मा फुले जन आरोग्य योजनेसोबत चालते. पात्रता, मंजुरी, कागदपत्रं यांसाठी आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाचं, टेबल गाठायचं.

आभा हा आरोग्याच्या नोंदी जोडणारा १४ अंकी नंबर. तो कोणालाही मोफत काढता येतो, सक्ती नाही, आणि त्यातून एक रुपयाही मिळत नाही. म्हणूनच की काय, काढून झाला की तो विसरला जातो. रिपोर्ट या नंबरात साठत नाहीत. ते ज्या त्या हॉस्पिटलकडे, लॅबकडेच राहतात. आभामुळे ते एकमेकांना जोडले जातात आणि तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. कोणते कागद, कुठल्या काळातले, किती दिवस दाखवायचे हे तुम्ही ठरवायचं. दिलेली संमती काढूनही घेता येते.

कॅन्सरमध्ये याचं मोल वेगळं आहे. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं केमोचं औषध घ्या. त्याचा हृदयावरचा परिणाम आयुष्यभरात मिळालेल्या एकूण डोसवर अवलंबून असतो. आजार काही वर्षांनी, दुसऱ्या गावात, उलटला तर नव्या डॉक्टरला तो आकडा हवाच. ‘सहा केमो झाल्या’ एवढ्याने भागत नाही. तेच रेडिएशनचं: शरीराच्या कुठल्या भागावर किती डोस दिला, हे कळल्याशिवाय पुन्हा तिथे रेडिएशन द्यायचं की नाही हे ठरवणं अवघड.

तरी जुन्या रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी टाकू नका. दुसरं मत घेताना बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉक प्रत्यक्षच मागितले जातात. पेट-सीटीचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडीही लागते. आभा काढण्याआधीचे जुने कागदही आपोआप उगवत नाहीत. ते स्कॅन करून आभा ॲपमध्ये आपणच चढवायचे.

आणखी एक बारीक गोष्ट. हॉस्पिटलमधल्या नोंदी शोधताना मोबाइल नंबर, नाव, जन्मवर्ष ताडून पाहतात. केसपेपर काढताना मुलाचा नंबर दिला आणि आभा आईच्या नंबरवर असला, तर आईचेच रिपोर्ट आईला सापडत नाहीत. पुढच्या फेरीत नोंदणीच्या खिडकीवर आभा नंबर सांगा आणि मोबाइलही दोन्हीकडे एकच आहे ना, तेवढं बघून घ्या.