खाली एवढी खडी, तरी टर्फवर पाणी का तुंबतं?

मागच्या जूनमध्ये एका विद्यापीठाच्या फुटबॉल टर्फवर गेलो होतो, पाऊस थांबून तीन तास झालेले तरी गोलपोस्टसमोर बोटभर पाणी तसंच उभं, आणि तिथले ग्राउंड बघणारे मामा म्हणाले, "सर, खाली अजून खडी टाकायला पाहिजे होती." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहितोच.

टर्फ म्हणजे कृत्रिम गवताचा गालिचा, त्याची रचना साधी आहे. गालिच्याच्या पाठीला भोकं, त्याच्या धाग्यांमध्ये वाळू आणि रबराचा चुरा, खाली खडीचे थर आणि तळाला भोकं पाडलेले पाइप.

आता भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या, पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. थोडा वेळ ठिबकेल, मग थांबेल. न पिळता तोच स्पंज उभा करा, परत पाणी गळायला लागतं! मला हा प्रयोग कितीही वेळा केला तरी भारी वाटतो. शाळेत शिकलेलं केशाकर्षण ते हेच. बारीक भोकं पाणी धरून ठेवतात आणि किती उंचीपर्यंत धरणार ते भोकाच्या व्यासावर ठरतं, १ मिमी असेल तर साधारण ३ सेंमी, ०.१ मिमी असेल तर ३० सेंमी. स्पंज उभा केला की त्याची उंची वाढते पण धरायची ताकद तेवढीच राहते, म्हणून वरचं पाणी सुटतं. खडीतल्या पोकळ्या मोठ्या, त्यांना वरच्या बारीक थरातलं पाणी ओढून घेता येत नाही, तो थर तळाशी पूर्ण भरला की मगच थेंब खाली उतरतो. म्हणजे खाली फूटभर खडी टाका नाहीतर दोन फूट, वरची ओल तेवढीच राहणार.

पण ही झाली ओल. तीन तास डबकं राहतं तेव्हा पाण्याची वाटच बुजलेली असते. कण दहापट बारीक झाले तर त्यातून पाणी जायचा वेग साधारण शंभरपट कमी होतो, त्यामुळे धूळ, पानांचा भुगा, झिजलेले धागे असं थोडं थोडं साचलं तरी पुरतं.

तिथे कोणीतरी नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला बोलवायचं म्हणत होतं, पाइप कुठे तुंबलाय ते शोधायला. नारळाला त्यातलं काही कळत नाही, पैसे घालवू नका, पाइपात कॅमेरा घालता येतो. आणि त्याच्याही आधी डबक्याच्या कडेला गालिच्याचा जोड उसवून खाली बघा. खडीत पाणी भरलेलं असेल तर दोष पाइपात किंवा त्याच्या तोंडाशी. आम्ही हातभर गालिचा उचलला तर खाली खडी ठणठणीत कोरडी, आणि गालिच्याच्या पाठीची भोकं करड्या चिखलाने लिंपलेली.

मग तेवढ्या भागातली वाळू आणि रबर उपसून चाळलं, भोकं धुतली, परत भरलं. बूड कापलेली बादली त्यावर दाबून पाणी ओतलं, मामांच्या हातातला चहा संपायच्या आत बादली रिकामी.